जावई पोहतो

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो म्हणजे पुढचं नीट कळेल. मला पोहता येत नाही. म्हणजे थोडेफार हातपाय मारता येतात, कमरेएवढ्या पाण्यात चालतं वगैरे तसलं पण काही नाही, बादलीत तोंड घातलं तरी माझा जीव घाबरतो. आणि गेली १९ वर्षं माझ्या सासरच्या अख्ख्या गोतावळ्यात माझी ख्याती काय, तर आमचा जावई पट्टीचा पोहणारा.

मी खोटं बोललो नव्हतो हो. सगळा घोळ कांदेपोह्यांनी केला. मुलगी बघायला डोंबिवलीला गेलेलो, तोंडात घास, आत स्वयंपाकघरात मिक्सर चालू, आणि समोरून अण्णांनी, म्हणजे आता सासरे, तेव्हा नुसतेच मुलीचे वडील, विचारलं, "पोहता का?" मला ऐकू आलं "पोहे का?" म्हणजे अजून वाढू का. तोंड भरलेलं, मग मी मान जोरात हलवली आणि अंगठा नि पहिलं बोट जुळवून एकदम झकास अशी खूण केली. अण्णांचा चेहरा असा काही खुलला की मला वाटलं पोहे त्यांनी स्वतःच केले असावेत. आत हाक मारून सांगितलं, "अगं, पोहतात!" मी मनात म्हटलं काय पोरकट घर आहे, पोह्यांचं केवढं कौतुक. साखरपुड्यात बायकोच्या मामांनी विचारलं की विहिरीत शिकलात का तलावात, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, पण तोवर हॉलचं बुकिंग झालेलं.

तेव्हापासून मी सर्दी, कानाचा पडदा, क्लोरीनची ॲलर्जी, नुकतंच जेवलोय, अशा चार खांबांवर १९ वर्षं काढली. अलिबागला गेलो, गणपतीपुळ्याला गेलो, प्रत्येक वेळी घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून सगळ्यांच्या चपला सांभाळल्या.

या डिसेंबरात लेकीने मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि जाहीर केलं की आपण तारकर्लीला जायचं, बीचवर टेंटमध्ये राहायचं, वॉटर स्पोर्ट्स करायचे, आणि आजोबांसाठी सिंधुदुर्ग किल्ला पण आहे. मी महाबळेश्वर म्हणून बघितलं, कोणी ढुंकून बघितलं नाही. अण्णा फोनवर एवढंच म्हणाले, "बरं झालं. जावईबापूंना कधी पाण्यात बघितलंच नाही."

अण्णा म्हणजे हायस्कूलचे रिटायर्ड शिक्षक, विषय गणित आणि इतिहास, वय ७८, पाठ ताठ. प्रवासात शेजारी बसले की तुमची तोंडी परीक्षा सुरू. कुडाळपर्यंत ट्रेनमध्ये झोप नाही, कारण वरच्या बर्थवरून मध्येच प्रश्न यायचा, "सुरतेची पहिली लूट कधी?" आणि मी झोपेत सांगायचो की माझ्याकडे नाही, बायकोकडे असेल.

तारकर्लीहून पुढे देवबागला जाताना जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, माडांची. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. बघायला अप्रतिम, यात वादच नाही, पण माझ्यासारख्या माणसाच्या दृष्टीने बघा, समुद्राला घाबरून पळायचं म्हटलं तर पळून जायचं कुठे, नदीत?

टेंट होता सुरूच्या झाडांच्या पुढे, वाळूत. फोटोत त्याच्यावर दिव्यांची माळ होती, आत पांढरी गादी, उशीवर जास्वंदीचं फूल. प्रत्यक्षात माळ होती, पण तिचं बटण शेजारच्या टेंटवाल्यांकडे. गादी हवा भरायची होती आणि ती हवा रात्री अकराच्या आत निम्मी गेली, त्यामुळे मी कुस बदलली की बायको आपोआप माझ्या अंगावर घरंगळायची आणि ती बदलली की मी तिच्या, एवढी जवळीक आमच्यात लग्नाच्या पहिल्या वर्षातही नव्हती. वाळूचं तर विचारू नका. वाळू बॅगेत, वाळू कानात, वाळू ब्रशवर, सोलकढीच्या तळाशी वाळू. अण्णांनी मात्र आपली वळकटी बाहेर काढली, दोन झटक्यांत वाळू झाडली, डोक्याला मफलर गुंडाळला आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

त्याच्या आधी त्यांनी एक काम केलं. टेंटवाल्या पोराला मी सहज विचारलं होतं की बाबा, समुद्र रात्री कुठपर्यंत येतो. तो म्हणाला, "पाणी हयपर्यंत येणा नाय." झालं, मी निश्चिंत. अण्णा म्हणाले, आज पौर्णिमा आहे. मग? मग म्हणे तिथीची पाऊणपट करा. कोळी लोकांचा हिशोब, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. "पंधरा पाऊणे?" त्यांनी मला विचारलं. मी मोबाईल काढायला लागलो तर ते इतक्या तुच्छतेने हसले. "सव्वा अकरा! पाऊणकी पाठ नाही आणि समुद्रावर झोपताय. सव्वा अकराला पूर्ण भरती, पौर्णिमेची, म्हणजे उधाण." एवढं बोलून हा माणूस झोपला!

आता तुम्ही सांगा, झोप येईल? दहाला लाट जिथे फुटत होती तिथे मी चपलेने रेघ मारली. सव्वादहाला रेघ गेली. दुसरी रेघ मारली, तिच्यावर काठी रोवली. साडेदहाला काठी वाहून गेली. मी टॉर्च घेऊन येरझाऱ्या घालतोय, पायाशी ते पांढुरके खेकडे तिरके तिरके पळतायत, एक तर माझ्या चपलेकडे दोन्ही डोळे वर करून बघत उभाच राहिला, जणू कॉलनीत नवीन आलेल्या माणसाची चौकशी करायला सेक्रेटरी आलाय. एक पिवळं कुत्रं पूर्ण वेळ माझ्यासोबत रेघेपर्यंत यायचं, रेघ हुंगायचं, परत यायचं. अकराला पाणी टेंटपासून वीस पावलांवर. मी लेकीला उठवायच्या बेतात होतो, बॅगा भरून ठेवल्या होत्या, पैशाचं पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलं होतं. सव्वा अकराला पाणी पंधरा पावलांवर आलं, तिथे जरा रेंगाळलं, आणि साडेअकरापासून निमूट मागे जायला लागलं. पोराचंही बरोबर, अण्णांचंही बरोबर, मीच एकटा मधल्या मध्ये जागा. वर दव इतकं पडलं की टेंटच्या आतून थेंब गळायला लागले, म्हणजे ज्या पाण्यासाठी रात्रभर पहारा दिला ते शेवटी वरून आलं.

पहाटे डोळा लागतोय तोच बाहेर आरडाओरडा. मी उठलो तो थेट पाकीट चाचपत. तर रापण ओढत होते. समुद्रात अर्धगोल जाळं टाकलेलं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणि प्रत्येक दोराला पंधरावीस माणसं, पाय वाळूत रोवून मागे रेललेली. ओढणाऱ्यांत तिसऱ्या नंबरला आमचे अण्णा, मफलरसकट. मीही हात लावला. तो दोर ओला, खरखरीत, आणि आपल्याला वाटतं आपण ओढतोय पण खरं तर तो दोर आपल्याला ओढत असतो. अर्ध्या तासात तळहात लाल. जाळं वर आलं तेव्हा त्यात चांदीसारखी चमचम, तारल्या, थोडे बांगडे, आणि एक कोणाची तरी चप्पल. कालच्या रात्रीची माझीच होती. आम्हाला दोन बांगडे मिळाले, ते दुपारी तिरफळ घालून झाले, आणि त्या कालवणाबद्दल मी काही वाईट बोलणार नाही.

किल्ल्याला सकाळीच गेलो, मालवणच्या जेटीवरून होडीने. होडीवाला सांगतो, तासाभरात परत या, होडी थांबणार नाही. आता सिंधुदुर्ग म्हणजे कुरटे बेटावरचा ४८ एकरांचा किल्ला आणि आमच्याबरोबर इतिहासाचे मास्तर, तासाभरात कसं जमणार? दरवाजा तर अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, दोन बुरुजांच्या आड असा लपवलाय की शत्रूला सापडू नये. (आमच्या सोसायटीचं गेटही डिलिव्हरीवाल्या पोरांना सापडत नाही, पण तिथे स्थापत्याचा संबंध नाही.) अण्णा दरवाजातच उभे राहून सुरू झाले. जानेवारी १६६४ ला सुरत, आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला इथे पायाभरणी. किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली, पायाच्या दगडांत शिसं ओतलं, १६६७ ला किल्ला उभा. पलीकडे जंजिऱ्याचा सिद्दी, खाली गोव्यात पोर्तुगीज, शिवाय इंग्रज. "म्हणून ज्याचं आरमार त्याचा समुद्र," असं म्हणत त्यांनी तटावर हात थोपटला. चाळीसेक पर्यटक त्यांच्याभोवती जमलेले, एकाने तर गाईडचे किती घेता म्हणून विचारलं.

खरं सांगतो, मला हे सगळं ऐकताना अंगावर काटा पण आला आणि जरा टोचलं पण. डोंगरातलं राज्य, पण महाराजांनी आरमार उभं करताना कोळी, भंडारी, गाबीत असे पाण्यात जन्म काढलेले लोक घेतले, मायनाक भंडारी काय, दर्यासारंग काय. ज्याला पाण्यातलं कळतं त्यालाच पाण्यावर नेमलं. निवड कांदेपोह्यांवर केली नाही.

आत शिवराजेश्वराचं, म्हणजे शिवाजी महाराजांचंच, देऊळ आहे, राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं. तिथली मूर्ती बघून लेक चक्रावली, दाढी नाही, आणि डोक्यावर होडीवाल्यांची असते तशी टोपी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तीन विहिरी, पाणी गोडं. मी साखरबावेत वाकून बघितलं तेवढ्यात अण्णा मागून म्हणाले, "उतरायचंय का?" मी दोन पावलं मागे. मग ते आम्हाला पश्चिमेला घेऊन गेले, तटाला तिथे एक वाट आहे आणि खाली छोटीशी वाळूची पुळण, राणीची वेळा म्हणतात. महाराणी ताराबाई तिथे समुद्रस्नानाला यायच्या असं सांगतात. फारच सुंदर जागा, शांत, हिरवं पाणी. आणि अण्णा माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, होडी जाईल. ते म्हणाले, १७६५ ला इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि त्याचं नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस, पण ते नाव काही टिकलं नाही. बघा, ज्यांच्याकडे तोफा होत्या त्यांनी दिलेलं नाव टिकलं नाही आणि डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये मला चिकटलेलं नाव १९ वर्षं टिकलंय.

होडी अर्थातच गेली. दुसऱ्या होडीत उभ्याने आलो.

दुपारी बाराच्या पुढे देवबागहून त्सुनामी आयलंडला. २००४ च्या त्सुनामीनंतर खाडीच्या तोंडाशी हे वाळूचं बेट वर आलं असं गावात सांगतात. होडी एका जागी थांबली, आजूबाजूला नुसतं पाणी, पाण्यात बांबूंवर उभे केलेले स्टॉल, आणि माणसं मांडीएवढ्या पाण्यात उभी राहून मॅगी खातायत. मी विचारलं, "बेट कुठाय?" होडीवाला म्हणाला, "खाली आसा. भरती आसा मां." मी अण्णांकडे बघितलं तर ते माझ्याकडे असे बघत होते जसे सातवीच्या वर्गात गृहपाठ विसरलेल्या पोराकडे बघत असतील. पाऊणकी!

तिथे बनाना बोट घेतली, म्हणजे लेकीने घेतली आणि मला बसवलं. पिवळं, लांब, फुगवलेलं केळं, त्याला पुढून स्पीडबोट ओढते. अण्णा मणक्याचं कारण सांगून स्टॉलवर थांबले. सुटायच्या आधी त्या पोराने विचारलं, पलटी मारू काय? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मागून अण्णांचा आवाज, तोच वर्गावरचा खणखणीत, "मारा, मारा! जावई पोहतो!"

लाइफ जॅकेट होतं म्हणून हे लिहितोय. पलटी झाल्यावर नाकातून, कानातून, जिथून म्हणून पाणी शिरू शकतं तिथून शिरलं, आणि मी पहिल्यांदा हाताला लागलेली वस्तू घट्ट धरली, ती शेजारच्या ग्रुपमधल्या एका अनोळखी काकांची पोटरी होती. काका भला माणूस. "सोडा आता, उभे राहा, कंबरेपर्यंतच आहे," एवढंच म्हणाले. उभा राहिलो. खरंच कंबरेपर्यंतच होतं, खाली बेट होतं ना.

तिसऱ्या दिवशी स्कुबा. मी रात्रभर आजारी पडायचा प्रयत्न केला पण कोंबडी वडे इतके उत्तम पचले की काही उपाय चालला नाही. सकाळी किल्ल्याच्या जवळच पाण्यात बोट उभी केली, तिथे एकेकाची चौकशी. इन्स्ट्रक्टर, काळा कुळकुळीत, हसरा पोरगा, माझ्यासमोर येऊन म्हणाला, "काका, पेवाक येता मां?" मी म्हटलं, "नाही हो, मी घेत नाही. आणि सकाळी सकाळी तर मुळीच नाही." सगळी बोट हसली. पेवाक म्हणजे पोहायला, प्यायला नव्हे. म्हणजे बघा, आयुष्यात एकदाच या प्रश्नाला खरं उत्तर दिलं, तेही चुकून, आणि ते मोजलंच नाही, कारण बायकोने लगेच दुरुस्ती केली, "येतं येतं, चांगलं येतं त्याला."

पोराने वहीत टिक केली आणि अण्णांकडे वळला. अण्णा शांतपणे म्हणाले, "नाही."

मला वाटलं मी परत चुकीचं ऐकलं. "अण्णा, तुम्हाला येत नाही?"

"मला कुठे येतंय."

"मग मला कशाला विचारलं होतंत?"

"मला येत नाही, हिला येत नाही, हिच्या आईलाही येत नव्हतं. म्हटलं घरात एकाला तरी यावं."

यावर काय बोलणार? मी वहीकडे हात केला, म्हटलं जरा ते पान दाखवा, पण पोरगा पुढे गेला होता. आणि त्यातली गोम अशी की पोहता न येणाऱ्यांना शिडीवरून हळूहळू उतरवत होते, एकाने हात धरायचा, एकाने पाय, अण्णांना तर लग्नातल्या मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्यासारखं उतरवलं. पोहणारे कोण? मी एकटा. "काका, तुमका काय! उडी मारा."

उडी मी मारली असं म्हणता येणार नाही. मी काठावर उभा राहिलो आणि कमरेला शिशाचा पट्टा होता, बाकीचं त्याने केलं. किल्ल्याच्या पायात शिसं आणि माझ्या कमरेला शिसं, फरक एवढाच की किल्ला स्थिर उभा आहे.

पाण्यात उतरायच्या आधी खुणा शिकवल्या होत्या. अंगठा वर म्हणजे बरं आहे असं नाही, अंगठा वर म्हणजे मला वर न्या. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवायचं, गोल. म्हणजे नेमकी तीच खूण, कांदेपोह्यांची. तीच केल्यामुळे मी आज या पाण्यात आहे हे मला पक्कं माहीत होतं, त्यामुळे खाली ती खूण करायला माझी बोटंच धजावेनात. पोरगा गोल करून विचारायचा ठीक ना, मी घाईघाईत अंगठा दाखवायचो, तो मला वर आणायचा. वर आल्यावर विचारायचा, काय झाला? मी म्हणायचो, काही नाही, मस्त. परत खाली. असं तीनदा. चौथ्यांदा त्याने माझा अंगठा स्वतःच्या मुठीत धरून ठेवला.

मग कधीतरी मी डोळे उघडले. मास्कच्या काचेला लागून, नाकापासून वीतभर, पिवळे काळ्या पट्ट्यांचे मासे, पन्नासेक असतील, तो पोरगा मुठीतून खायला सोडत होता आणि ते त्याच्या बोटांमधून ये-जा करत होते. माझ्याच श्वासाचा घर्रघर्र आवाज, बाकी काही नाही. वर उजेड हलत होता. पलीकडे अण्णा दोन माणसांच्या मध्ये तरंगत होते, मफलरशिवाय मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि तिथेही ते हात मागे बांधून, वर्गावर राउंड मारल्यासारखे.

परतीच्या ट्रेनमध्ये लेकीने व्हिडिओ लावला. सगळे मोबाईलवर वाकले. दोन मिनिटं चाळीस सेकंदांपैकी पहिली दोन मिनिटं माझे डोळे गच्च मिटलेले, आणि पूर्ण वेळ माझ्या मानेमागे एक काळा हात, मांजरीने पिल्लू उचलावं तसा. लेक हसून हसून वेडी झाली. बायको म्हणाली, "अरे, मला अलिबागलाच संशय आला होता. १९ वर्षं नुसत्या चपला कोण सांभाळतं?"

अण्णांनी व्हिडिओ परत लावायला सांगितला. चष्मा वर करून नीट बघितला. मग काही न बोलता मालवणी खाजाची पुडी सोडली, सगळ्यांना वाटली. आल्याचं खाजं चिवट, मोठा घास मी तोंडात टाकला आणि तेवढ्यात रत्नागिरीच्या अलीकडे गाडी बोगद्यात शिरली, सगळा खडखडाट, आणि समोरून अण्णांनी काहीतरी विचारलं.

मी मान हलवली नाही. हातही मांडीखाली घेतला. बोगदा संपेपर्यंत चावत राहिलो, घास गिळला, पाणी प्यायलो आणि मग म्हटलं, "हां अण्णा, काय म्हणालात?"